आत्याबाईंच्या मिशांसाठी पाच ओळी

बसवनगुडी, बेंगळुरू
श्रावणातला दुसरा शुक्रवार

तीर्थस्वरूप वासुअण्णांच्या चरणी धाकट्या आतेबहिणीचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतील तेवढाच वाकून, बाकीचा मनाने).

तुझं पत्र पोचलं. खरंखुरं, पोस्टाचं, निळ्या शाईतलं. आमच्या पोस्टमनने इतक्या वर्षांत मला विम्याच्या नोटिसा आणि बँकेचे लिफाफे सोडून काही दिलेलं नव्हतं, त्यामुळे तुझं पाकीट त्याने दोन्ही हातांनी पुढे केलं, देवळात तीर्थ देतात तसं. तुझा रक्तदाब आटोक्यात आहे हे वाचून बरं वाटलं. नव्या कवळीची सवय होईपर्यंत भाषणं घेऊ नकोस असं वहिनी म्हणतात ते मलाही पटतं, आणि तुझ्या श्रोत्यांनाही पटेल. इकडे सगळे ठीक. रविकुमारांची मान (यजमानांची, अंगणातल्या बोगनवेलीची नव्हे, ती तर कधीच वाकडी झाली) पट्ट्यात आहे. आई चौऱ्याऐंशीची झाली. तिला ऐकू कमी येतं, पण कोणी तिच्याबद्दल बोलत असेल तर शेजारच्या घरातलंही येतं. ती तुला आशीर्वाद सांगते आहे, आणि आपल्या या भाच्याने बारा वर्षांत एकदाही फोन केला नाही हेही सांगते आहे. दोन्ही एकाच दमात.

तू तीन प्रश्न विचारलेस. तुझ्या परीक्षणांवरून आमच्या मराठी मंडळाने निवडलेली मुलांची पुस्तकं आली का, मुलांचं त्यावर काय म्हणणं, आणि त्यातल्या दोन-चार ओळी तुझ्या ‘निवडक परीक्षणां’च्या प्रस्तावनेत घेता येतील का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे हे पत्र. तिसऱ्याचं तू पत्र संपल्यावर स्वतःच ठरव. तेव्हा चहा घेऊन बस, आणि कवळी काढून ठेव, कारण मधेच दातओठ खाण्याची वेळ येईल.

आमचं मंडळ तू पाहिलं आहेस. गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत, खाली कार्यालय, वर एक खोली. आठ वर्षांपूर्वी तू इथे ‘बालमन आणि वाचन’ यावर पावणेदोन तास बोललास. (तेवढा वेळ सगळी बालमनं खाली अंगणात खेळत होती, हे मी तेव्हा तुला सांगितलं नव्हतं.) वरच्या खोलीत दोन कपाटं, एक टेबल, एक पंखा आणि पाटी: बालवाचनालय. देवघेवीचं एक रजिस्टरही आहे: तारीख, पुस्तक, नाव, परत केल्याची सही, आणि शेवटचा रकाना शेरा. पान फाटलं, शिवण सुटली, असं काही तिथे लिहायचं असतं. गेल्या तीन वर्षांत त्या रजिस्टरात एकच नोंद झाली. मंडपाला लाइट लावणाऱ्या माणसाने ज्ञानकोशाचा एक खंड नेला होता, शिडीच्या एका पायाखाली ठेवायला. परत केला. शेरा कोरा.

पाडव्याच्या सभेत हे रजिस्टर गुंडूरावांनी वर धरून सगळ्यांना दाखवलं. गुंडूराव म्हणजे आमचे अध्यक्ष, चामराजपेटेत तीन पिढ्यांचं भांड्यांचं दुकान, मनाने उदार आणि जागेच्या बाबतीत चिकट. खालचं कार्यालय आता लग्नांना जातं, लग्न म्हटलं की पातेली, आणि पातेली ठेवायला जागा नाही. तेव्हा वरची खोली पातेल्यांना द्यावी असा त्यांचा सरळ प्रस्ताव. ‘अक्का,’ मला म्हणाले, ‘पुस्तकं वाचायला कोणी येत नाही, पातेली तरी महिन्यातून चार वेळा खाली-वर जातात. कोण जास्त शिकलेलं, तूच सांग.’ मला राग आला. राग आला की मी उभी राहते, आणि मी उभी राहिले की मला समितीवर घेतात. त्या दिवशीही असंच झालं. ठराव असा: गणपतीच्या आधी रजिस्टरात चाळीस नोंदी दिसल्या तर खोली मुलांची, नाहीतर पातेल्यांची. नवी पुस्तकं एका दिवंगत सभासदाच्या मुलीने दिलेल्या देणगीतून घ्यायची, पण वाटेल ती घ्यायची नाहीत, ज्यांची चांगली परीक्षणं आली आहेत तीच घ्यायची. हे शेवटचं वाक्य गुंडूरावांनी जुळवलं. त्यांना वाटलं असणार, चांगली परीक्षणं आलेली पुस्तकं मुलं वाचत नाहीत. माणूस भांडी विकतो, पण मूर्ख नाही.

समिती तिघांची. मी एक. दुसरी स्वानंदी, पुण्याहून येऊन हेब्बाळला राहणारी, कॉम्प्युटरमधली, हसरी आणि घाईतली मुलगी. (मुलगी म्हणजे सदतीस वर्षांची, माझ्या वयाला सगळ्या मुलीच दिसतात.) तिचा शुभंकर नऊ वर्षांचा. त्याने मराठी वाचावं म्हणून ती दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून त्याला गाडीत घालून आणते, आणि वाटेत त्याला इंग्रजीत बजावते की आज फक्त मराठी बोलायचं. तिसरे जयतीर्थ, आमचे चिटणीस, बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त. जयतीर्थांचं घराणं इथलं इतकं जुनं की त्यांच्या मराठीत क्रियापदं मराठी आणि बाकी सगळं कन्नड. बोलतात अस्खलित. वाचताना मात्र गाडी घाटात लागते, कारण शाळा सगळी कन्नडमधून झाली, आणि देवनागरी त्यांना फक्त स्तोत्रांपुरती ठाऊक. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. जुन्या लोकांत असं विचारत नाहीत. चूक झाली ती इथे.

स्वानंदीचं म्हणणं, पुस्तकांना इंटरनेटवर तारे किती पडलेत ते बघू. बघितले. मराठी बालपुस्तकांना तारे पडलेलेच नव्हते. एका पुस्तकाला पाच तारे होते आणि खाली अभिप्राय, ‘पार्सल वेळेवर आलं.’ मग मी मोठ्या तोऱ्यात तुझं नाव सांगितलं. माझा मामेभाऊ बारा वर्षं पुण्याच्या त्रैमासिकात मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं लिहितो, सगळी कात्रणं आईच्या ट्रंकेत आहेत (आई ती वाचत नाही, पण वर तुझा फोटो असतो), त्यावरूनच निवडू. दोघांनाही पटलं. कात्रणांचा गठ्ठा जयतीर्थांकडे दिला. चांगली परीक्षणं वेगळी काढा, पंधरा पुस्तकांची यादी करा, मी सही करते. मार्च अखेरीचं ऑफिसचं काम माझ्या डोक्यावर होतं, आणि बँकेच्या माणसाने केलेली यादी म्हणजे तपासलेलीच असणार असं मी धरलं. सही केली. यादीतलं एकही पुस्तक मी पाहिलेलं नव्हतं. तू परीक्षण लिहितोस तेव्हा तुझंही असंच होतं का, हे मी विचारणार नाही. निदान या पानावर नाही.

आता जयतीर्थांनी निवड कशी केली ते ऐक. त्यांनी दोन कसोट्या लावल्या. पहिली, परीक्षण लांब असलं पाहिजे. बँकेत ज्या कर्जाचा कागद जाड त्याचा माणूस मोठा, हे त्यांनी छत्तीस वर्षं पाहिलेलं. दुसरी, पहिला परिच्छेद वाचून बघायचा, गोड असला तर पुढे घाटात शिरायचं नाही. वासुअण्णा, तुझ्या लक्षात आलं असेल. तुला पुस्तक आवडलं की तू अर्धा रकाना लिहितोस: तरल, बालमनाचा ठाव घेणारं, संग्राह्य. खाली सही. पण तुला पुस्तकाचा संताप आला की तू दोन-दोन पानं लिहितोस. आणि तुझा संताप सभ्य असतो, म्हणून पहिल्या परिच्छेदात तू कागदाचं कौतुक करतोस, मुखपृष्ठाचं करतोस, लेखिकेला भाषा येते हे मान्य करतोस, आणि मग बाह्या सरसावतोस. बारा वर्षांत तू चारच पुस्तकांना असं धुतलंस. ती चारही, लांबीच्या जोरावर, आमच्या यादीत पहिल्या चार क्रमांकांवर आली: ‘आत्याबाईंच्या मिशा’, ‘ढेकरसम्राट’, ‘गटारातला हत्ती’ आणि ‘चोरांचं स्नेहसंमेलन’. उरलेली अकरा तू वाखाणलेली.

पुस्तकं जूनमध्ये आली. जयतीर्थांनी प्रत्येकाला खाकी वेष्टन घातलं (मुखपृष्ठं मळू नयेत म्हणून, म्हणजे ती कोणाला दिसलीही नाहीत) आणि ठरावाचा पुरावा म्हणून प्रत्येकाच्या आतल्या बाजूला तुझ्या परीक्षणाचं कात्रण खळीने चिकटवलं. पंधरा खाकी पुस्तकं, पंधरा वासुदेव. रविवारी सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी खोली उघडी राहू लागली. पहिल्या रविवारी सात मुलं आली, पंख्याखाली बसली आणि कोणाच्या फोनवर किती चार्जिंग आहे याची चर्चा करून गेली. दुसऱ्या रविवारी पाच आली, आणि गुंडूरावांचं एक पातेलंही आलं. साराचं, लग्नातलं, मी स्वतः पाय दुमडून सहज मावेन एवढं. ‘स्वल्प दिवस राहू दे अक्का, खाली ओल आहे.’ तिसऱ्या रविवारी मुलं तीन, पातेली दोन. मी मनातल्या मनात पुढच्या रविवारचं गणित मांडलं आणि घरी जाऊन रविकुमारांवर विनाकारण ओरडले.

मुलांना मी जबरदस्तीने पुस्तकं लावून दिली नाहीत असं नाही. गुंडूरावांचीच नात मेघाश्री, अकरा वर्षांची, तिला ‘पहाटे उठणारा पराग’ दिलं. तू त्याला संस्कारक्षम म्हटलं आहेस. बुधवारी तिने ते परत आणलं, रजिस्टरात सही केली आणि शेऱ्याचा रकाना रिकामा पाहून थबकली. तिच्या शाळेत एकही रकाना कोरा ठेवला की मार्क कापतात, तेव्हा कोरी जागा सोडून जाणं तिच्या हाताला माहीतच नाही. तिने लिहिलं: ‘पराग रोज पहाटे उठतो. दुपारी झोपतो का ते लिहिलं नाही. मला त्याची काळजी वाटते.’ मी ते खोडणार होते. खोडलं नाही, कारण खोडून तरी तिथे काय लिहिणार होते. पुढच्या रविवारी शुभंकरने ते वाचलं आणि ‘थेंबाचे मनोगत’ नेलं, केवळ त्याखाली आपलाही शेरा पडावा म्हणून. त्याचा शेरा: ‘थेंब समुद्रात जाणार हे पान १ वर कळतं. मग अजून ४७ पानं आहेत.’ ‘माझी मैत्रीण मृदा’वर कोणीतरी लिहिलं, ‘माती बोलते. खूप बोलते.’ तू त्याच पुस्तकाला संवादप्रधान म्हटलं होतंस, म्हणजे वस्तुस्थितीबद्दल तुमचं एकमत आहे.

इथवर सहा नोंदी झाल्या. सहाव्या नोंदीनंतर तुझी वाखाणलेली पुस्तकं कोणी हातात धरेना, शेरे सगळ्यांनी वाचले होते. मी खचले. आणि तेव्हाच मेघाश्रीने ‘आत्याबाईंच्या मिशा’ उघडलं, म्हणजे वेष्टनाच्या आतलं तुझं परीक्षण उघडलं. तिला सवय आहे, औषधाच्या बाटलीवरचंही ती सगळं वाचते. तिने पहिला परिच्छेद वाचला, दुसरा वाचला, आणि मग बोट ठेवून मोठ्याने शेवटचं वाक्य वाचलं: ‘असल्या उच्छृंखल पुस्तकापासून मुलांना कटाक्षाने दूर ठेवावे.’ खोलीत चार मुलं होती. चौघांनी एकदम मान वर केली.

‘उच्छृंखल म्हणजे काय, आंटी?’
मी म्हटलं, सांगण्यासारखं नाही.
‘सरी,’ मेघाश्री म्हणाली, म्हणजे बरं, आणि पुस्तक छातीशी धरून सही करायला गेली.

त्या दिवसापासून, अण्णा, ती चार पुस्तकं एकदाही कपाटात विसावलेली नाहीत. मुलांनी उरलेली तीनही शोधून काढली, कपाटातलं प्रत्येक कात्रण शेवटच्या वाक्यापासून वाचत. ‘ढेकरसम्राट’ला तू ‘अभिरुचीचा अंत’ म्हटलं आहेस, त्यावर दोन दिवसांत नऊ जणांनी नंबर लावला. शुभंकर गुंडूरावांच्या साराच्या पातेल्यात उतरून बसतो आणि तिथून ‘गटारातला हत्ती’ मोठ्याने वाचतो, कारण पातेल्यात आवाज घुमतो आणि हत्ती गटारातूनच बोलत असल्याने ते योग्य वाटतं. स्वानंदी दारात उभी राहून ऐकत होती. ‘ताई, हा घरी मराठीचं एक सेंटेन्स वाचत नाही हो,’ एवढं म्हणाली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, बराच वेळ. बाहेर पावसाची भुरभुर असतानाही मुलं येतात. जयनगरहून दोन नवी मुलं आली, मराठी न येणारी, त्यांना मेघाश्री कन्नडमध्ये आत्याबाई सांगते आणि मधेमधे मिशा मराठीत वाचून दाखवते.

शेऱ्यांचे थोडे नमुने देते, प्रस्तावनेला लागतील. ‘आत्याबाई वाईट आहेत पण आपल्या बाजूने वाईट आहेत.’ ‘पान ३१ जेवताना वाचू नये.’ (त्याखाली वेगळ्या अक्षरात: ‘वाचलं. बरोबर आहे. शुभंकर.’) ‘हत्तीला बाहेर काढायला आख्खं गाव येतं पण हत्तीला कोणी विचारत नाही. माझ्या घरी पण असंच.’ आणि एक शेरा थेट तुझ्यासाठी आहे, तो मन घट्ट करून वाच. तुझ्या परीक्षणात तू लिहिलंस की शेवटी आत्याबाई मिशा उतरवतात आणि चारचौघींसारख्या वागू लागतात, निदान इथे तरी लेखिकेने भान राखले. मेघाश्रीने त्याखाली लिहिलं आहे: ‘पान ८८ वर वस्तरा हातात घेतात. पान ८९ वर दिवे जातात. मिशा शेवटपर्यंत आहेत, पान ९२ वर सगळ्या गावातल्या बायका मिशा लावतात. या अंकलनी पान ८८ नंतर वाचलेलं नाही.’ मी तिला म्हटलं, अगं, तसं नसेल, त्यांचा चष्मा बदलायचा असेल. तिने माझ्याकडे जयतीर्थ कर्जदाराकडे बघायचे तसं बघितलं.

मीही मग वाचलं, ऑफिसात डब्याच्या वेळी. पान ३१ पर्यंत आले आणि डबा बंद केला. बाकीचं त्याच दुपारी टेबलाखाली धरून संपवलं. आमच्या ऑफिसातला कृष्णात विचारत होता, मॅडम, कोणी गेलं का, डोळ्यांत पाणी आहे. हसून आलेलं होतं, पण मी हो म्हटलं, अर्धा दिवस रजा मिळाली.

तर गेल्या रविवारी हिशेब द्यायची सभा झाली. स्वानंदीने लॅपटॉपवर रंगीत आलेख आणला होता. चाळीस हव्या होत्या, त्रेसष्ट नोंदी झाल्या. टाळ्या पडल्या. आणि मग ती, बिचारी, कामावरच्या सवयीने पुढचा आलेखही दाखवून बसली: त्रेसष्टांतल्या सत्तावन्न नोंदी चारच पुस्तकांच्या. गुंडूराव पुढे वाकले. त्यांनी ती चार पुस्तकं मागवली, चष्मा लावला, वेष्टनं उघडली आणि, जयतीर्थ नव्हेत ते, चारही परीक्षणं शेवटपर्यंत वाचली, मोठ्याने, सभेत. माणूस दुकानाचे हिशेब मराठीत ठेवतो, वाचता येतं त्याला. ‘मुलांना कटाक्षाने दूर ठेवावे,’ असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. ‘हे चांगलं परीक्षण आहे का, अक्का? ठरावात काय लिहिलंय? या नोंदी धरता येत नाहीत. उरल्या सहा.’ जयतीर्थांचा चेहरा असा झाला की मी तिथेच सांगून टाकलं, यादीवर सही माझी आहे, न वाचता केली. खोटं नव्हतं. जयतीर्थ मग सभाभर आपल्या पेनाचं टोपण उघडत आणि लावत बसले, आणि जाताना जिन्यात मला म्हणाले, ‘अनुसूया, मला त्या मुलांबरोबर वाचायला बसता येईल का? मागे बसेन.’ परवा बुधवारी ते पातेल्याशेजारी स्टूल टाकून ‘ढेकरसम्राट’ वाचत बसले, अक्षर अक्षर लावत. चार पानं झाली.

गुंडूराव वाईट नाहीत. त्यांची स्वतःची नात त्या दिवसापासून त्यांच्याशी फक्त मान हलवून बोलते, ते त्यांना लागलं आहे. पण विनोदकुमारने (त्यांचा पुतण्या, केटरिंगवाला) गणपतीनंतरच्या दोन लग्नांचं सामान सांगून ठेवलं आहे, आणि सभेसमोर वाचलेला ठराव त्यांना गिळता येत नाही. त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत निर्णय लांबवला. तोवर खोलीत चार पातेली, एक कढई आणि अकरा मुलं आहेत.

आईला हे सगळं ओरडून सांगितलं. तिला पुस्तकाचं नाव दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा तिला वाटलं मी तिच्याबद्दल बोलते आहे. मग म्हणाली, वासू दहा वर्षांचा असताना मे महिन्यात आपल्या चामराजपेटेच्या जुन्या घरी राहायला आला होता. कुठूनसं एक जाडजूड राक्षसांचं पुस्तक मिळवलं होतं, मुखपृष्ठ गेलेलं, पहिली बारा पानं गेलेली. खाटेखाली दोन दिवस तेच. मामांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, ते काढून घेतलं आणि बंबात घातलं, तर तू रात्री जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, शेवट काय होता रे, तर तू म्हणालास, माहीत नाही आत्या, तोच तर वाचायचा होता. हे तुला आठवत नसेल. आईला आठवतं, आणि आता मलाही आठवत राहील.

बाकी सर्व कुशल. वहिनींना नमस्कार, कवळीला शुभेच्छा. तुझ्या ‘निवडक परीक्षणां’ची एक प्रत आमच्या वाचनालयाला जरूर पाठव, मुलं त्यातली नेमकी पानं शोधून वाचतील.

तुझी सदैव ऋणी (पत्र उशिरा लिहिल्याबद्दलही),
अनुसूया

ता. क. एवढं लिहून मुख्य गोष्ट राहिलीच. त्या चार पुस्तकांची चांगली परीक्षणं मला हवी आहेत, तुझ्या सहीने, पुढच्या शनिवारपर्यंत. प्रत्येकी पाच ओळी पुरेत. ज्या समीक्षकाने दूर ठेवा म्हटलं त्यानेच जवळ घ्या म्हटलं, तर नोंदी धरीन, असं गुंडूराव माझ्यासमोर कबूल झाले आहेत. (त्यांना खात्री आहे की तू असं कधी लिहिणार नाहीस. त्यांनी तुझं भाषण ऐकलेलं आहे.) परीक्षणांवर मी वर जे काही तिरकं लिहिलं ते सगळं खरं आहे, आणि तरीही मला तुझं परीक्षणच हवं आहे. लाज वाटते, पण खोली जास्त प्रिय आहे.

ता. क. दोन. सुरुवातीला मी लिहिणार होते की वाचायची तसदी घेऊ नकोस, आधीचंच परीक्षण उलटं फिरव. पण पाच ओळी पुन्हा वेष्टनाच्या आत चिकटणार आणि त्या मेघाश्री शेवटपर्यंत वाचणार. तेव्हा चारही पुस्तकं सोबत पाठवते आहे. वाच. पान ८८ च्या पुढेही. वाचून नाहीच आवडली तर तसंच लिही, मी गुंडूरावांना तेच देईन आणि पातेली मोजायला बसेन. पण तू खाटेखालचा वासू आहेस, म्हणून पाठवते आहे.

ता. क. तीन. पार्सल बांधताना मुलं भोवती उभी होती. आमच्याकडे प्रत्येकाची एकेकच प्रत, आणि रांगेत शुभंकरच्या आधी तुझं नाव घातल्यामुळे तो खोली बंद करेपर्यंत पातेल्यातून बाहेर आला नाही. मी त्यांना नीट समजावलं की या अंकलनी चांगलं लिहिलं नाही तर आपली खोली जाईल. मेघाश्रीने विचार केला आणि तुला निरोप दिला, तो तिच्याच शब्दांत कळवते: परीक्षण आलं नाही तरी चालेल, खोली गेली तर आम्ही जिन्यात बसू, पण पुस्तकं बुधवारी परत आली पाहिजेत. मला मात्र, अण्णा, दोन्ही हवं आहे.